पास

एकतीस वर्षं मी एकच शब्द बोललो.
अशोक चौकामागच्या ब्रँचमध्ये, जाळीच्या खिडकीत बसून,
कट्टे सोडायचे, विड्या बोटांवरून घरंगळू द्यायच्या:
पास. पास. पास. छाट.

शब्द इंग्रजी आहे, हे मला
नोकरी लागून सहा महिन्यांनी कळलं.
तोवर वाटायचं, तंबाखूसारखा तोही
निपाणीहून पोत्यात भरून येत असेल.

छाट मात्र आपलाच.
पान फाटलं, तोंड नीट मुडपलं नाही, दोरा सैल: छाट.
छाट विडीचे पैसे नाहीत, विडीही परत नाही,
आणि ती शेवटी कुणीतरी ओढतोच,
हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना माहीत होतं.

लचव्वा गड्डम घरकुलातून पायी यायची.
तिच्या हजारात एक वाकडी विडी सापडायची नाही.
शेठ म्हणायचे, हजारी पन्नास तरी काढ बे.
मी काढायचो.
ती आधी तेलुगूत काहीतरी पुटपुटायची,
मग मराठीत विचारायची,
"चेकरसाब, आज किती नापास?"

खिडकीबाहेर हा शब्द मोकाट हिंडत होता.
तिचा वेणू दहावी पास झाला,
तेव्हा तिनं जाळीतून शेंगाचा लाडू सरकवला, चुरा होऊन आला.
बसचा पास संपला की वेणू
बाळीवेशीतून कॉलेजपर्यंत चालत जायचा.
घराचं कर्ज पास व्हायला चार उन्हाळे लागले.
दुपारी लाइट गेली की बायका म्हणायच्या, चला, टाइमपास,
आणि त्या टाइमपासात
प्रत्येकीच्या दोनशे विड्या वळून व्हायच्या.
वॉचमन इमाम काठी आपटून म्हणायचा,
"मेरे पास क्या है साब, ये डंडा!"
हा पास निराळा, आपल्या 'पाशी'चा चुलत भाऊ.
मी तोही त्याच खात्यात धरला.

गेल्या फाल्गुनात तिचं पोट उघडावं लागलं.
मी सिव्हिलला बघायला गेलो. का गेलो, विचारू नका.
पोरगेलासा डॉक्टर रोज तेच विचारायचा,
"मावशी, गॅस पास झाला का?"
तिसऱ्या दिवशी झाला.
अख्खा वॉर्ड हसला, तीही टाके दाबून धरून हसली:
"लिवा चेकरसाब. पास."

मग वेणू तिला डलासला न्यायला आला.
पासपोर्टच्या मशीनवर तिचं बोट उठेना.
पानं वळता वळता रेषा गेल्या होत्या,
अंगठा नुसता गुळगुळीत, चिंचोक्यासारखा.
मी म्हटलं, बघा, या शब्दातपण पास आहे.
ती म्हणाली, "अर्धाच हाय."

परवा पहाटे मोबाइल वाजला.
वेणूचा मेसेज, इंग्रजीत. त्याला आता मराठी लिहायला जड जातं.
तीनच शब्द: अम्मा पास्ड टुडे.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.
खरं सांगतो, मला आनंद झाला.
वाटलं, तिकडं काहीतरी परीक्षा असेल मोठ्या माणसांची,
सही शिकायची, रस्ता ओलांडायची,
त्या देशाचं होऊन राहायची,
आणि आपली लचव्वा झाली.
हजारी पन्नास न काढता झाली.
मी बायकोला हाक मारली, "अगं, गड्डमबाई पास!"

शेजारच्या पोरानं फोन हातात घेतला,
वाचला,
आणि माझ्याकडे न बघता,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत अर्थ सांगितला.

तोवर माझं उत्तर गेलं होतं.
खाली दोन निळ्या बरोबरच्या खुणाही आल्या होत्या.
मी तिला एक अंगठा धाडला होता,
वर केलेला, पिवळाधमक,
एकही रेषा नसलेला.